समोर वॉटर, मागे बेव्हरेज

पारदर्शक बाटली. आत पाण्यासारखंच पाणी, फार तर गुलाबी नाहीतर निळसर झाक. समोर लिंबाची फोड, एखादी धावती आकृती आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत ‘वॉटर’. जिमच्या काउंटरवर, मेडिकलच्या फ्रिजमध्ये, हायवेवरच्या दुकानात ही ‘फिटनेस वॉटर’ची बाटली साध्या पाण्याला खेटून उभी असते, त्यामुळे घेणाऱ्याचा हात पाणी समजूनच तिच्याकडे जातो. ती अर्धी फिरवली, की मागे बारीक अक्षरांत पदार्थाचं खरं नाव सापडतं: फ्लेवर्ड बेव्हरेज, नॉन-कार्बोनेटेड बेव्हरेज, असं काहीतरी. म्हणजे पेय.

पाणी आणि पेय यांतला हा फरक सरकारदरबारी चांगलाच मोठा आहे. जीएसटीच्या वर्गवारीत गोडी आणि चव न घातलेलं बाटलीबंद पाणी एका रकान्यात येतं. साखर, दुसरा कुठलाही गोड पदार्थ किंवा फ्लेवर घातला की ते दुसऱ्या रकान्यात जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पहिल्यावर ५ टक्के कर आहे आणि दुसऱ्यावर ४० टक्के. आणखी एक खूण डोळ्यांसमोरच असते. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरला शाकाहाराचा हिरवा ठिपका छापण्याची सक्ती नाही, पण पेयाला आहे. ‘वॉटर’ म्हणवणाऱ्या बाटलीवर चौकटीतला हिरवा ठिपका दिसला, की आत पाण्याशिवाय आणखी काही आहे हे तिथेच कळतं.

या बाटल्यांमध्ये विष भरलेलं असतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यातला प्रत्येक घटक ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी आहे आणि बहुतेकांमागे तंत्राचं स्पष्ट कारण आहे. माझा आग्रह एवढाच, की ती कारणं पिणाऱ्याला माहीत असावीत. निर्मात्याला जे कायद्याने कबूल करावं लागतं ते सगळं मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. वाचायची सवय मात्र आपल्याला समोरच्या बाजूची लागलेली आहे.

आपल्याकडे लेबलचे नियम एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले विनियमांत आहेत. त्यातला सगळ्यांत कामाचा नियम साधा आहे: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची. जे सर्वांत जास्त ते पहिलं. त्यामुळे यादी वाचणं म्हणजे एका परीने कृती वाचणंच, फक्त मापं झाकलेली. पेप्सिकोचं ‘प्रोपेल’ हे अमेरिकेतलं या प्रकारातलं सर्वांत ओळखीचं नाव. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतही ते फ्रिजमध्ये सापडेल. त्याच्या यादीत भेटणारी नावं अशी: पाणी, सायट्रिक अ‍ॅसिड, नॅचरल फ्लेवर, मीठ, पोटॅशियम सॉर्बेट, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, व्हिटॅमिन सी, सोडियम सायट्रेट, सुक्रालोज, एसेसल्फेम पोटॅशियम, कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए, आणि शेवटी बी गटातली व्हिटॅमिन्स आणि व्हिटॅमिन ई. भारतातल्या बाटल्यांवर हीच मंडळी बहुधा आकड्यांच्या वेशात येतात, कारण आपल्याकडे घटकाचा वर्ग लिहून पुढे नाव किंवा आयएनएस (घटकाचा आंतरराष्ट्रीय) क्रमांक दिला तरी चालतो. ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर (३३०, ३३१)’ म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड आणि सोडियम सायट्रेट. ‘प्रिझर्व्हेटिव्ह (२०२)’ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी, ४५२ म्हणजे ते लांबलचक नावाचं फॉस्फेट, ३८५ म्हणजे ईडीटीए. गोडी आणणाऱ्यांत ९५० एसेसल्फेम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. एवढे अकरा आकडे ओळखीचे झाले, की या वर्गातल्या बहुतेक बाटल्या वाचता येतात.

बिनसाखरेच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं सगळं पाणी उडवून टाकलं, तर तळाशी किती भुकटी उरेल? साधारण एक-दीड ग्रॅम, आणि त्यात मोठा वाटा सायट्रिक अ‍ॅसिडचा. चहाचा अर्धा चमचासुद्धा भरणार नाही. बाटलीवर जे जे मिरवलेलं असतं ते सगळं त्या अर्ध्या चमच्यात, आणि ज्या व्हिटॅमिनांच्या नावावर ती विकली जाते त्यांचा वाटा त्यातही चिमटीत न येण्याइतका.

आता आंबटपणाकडे येऊ, कारण सगळी रचना त्याच्यावर उभी आहे. सायट्रिक अ‍ॅसिड चवीसाठी घातलं असेल असं वाटतं. ते खरंही आहे, पण त्याहून मोठं काम टिकवण्याचं आहे. साध्या शुद्ध पाण्यात यीस्ट आणि बुरशीला खायला जवळजवळ काही नसतं. त्यात फ्लेवर, व्हिटॅमिन, थोडी साखर घातली की त्यांच्यासाठी पान वाढून झालं. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. आणि बेंझोएट काय, सॉर्बेट काय, ही दोन्ही फक्त आंबट पाण्यातच काम करतात. जंतूच्या पेशीत शिरू शकतो तो या आम्लांचा न फुटलेला, विद्युतभार नसलेला रेणू. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३ असेल तर बेंझोइक अ‍ॅसिडचे शंभरातले सुमारे ९४ रेणू तशा रूपात असतात. पीएच ४.२ ला निम्मे उरतात. पीएच ६ ला, म्हणजे जवळपास साध्या पाण्याला, शंभरात एक-दोनच. सॉर्बिक अ‍ॅसिड थोडं जास्त तग धरतं, पण पीएच ६ ला त्याचेही पाचच्या आसपास राहतात. त्यामुळे ही पेयं साधारण पीएच ३ ते ३.५ च्या पट्ट्यात ठेवावी लागतात. एवढा आंबटपणा जिभेला बोचतो, म्हणून सोबत सोडियम सायट्रेट घालून त्याची धार मारतात आणि वरून गोडी देतात. पिताना ते ‘हलकं, पाण्यासारखं’ लागतं, पण दातांना त्या गोडीशी काही देणंघेणं नसतं.

दाताचं एनॅमल साधारण पीएच ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. लाळ हा आंबटपणा निवळवते, पण तिला त्यासाठी वेळ लागतो. बाटली एका दमात संपवली तर दातांवर एकदाच मारा होतो. ट्रेडमिलशेजारी ठेवून दर पाच मिनिटांनी एक घोट घेतला तर तासभर दात आम्लातच राहतात, आणि व्यायाम करताना तोंड कोरडं पडल्यामुळे लाळही कमी असते. ‘शुगर फ्री’ असल्याने दातांना धोका नाही ही समजूत इथेच चुकते. साखर नसली तरी आम्ल आहेच. असं पेय प्यायचंच असेल तर थोड्या वेळात संपवावं, वर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास ब्रश करू नये, कारण मऊ पडलेल्या एनॅमलवर ब्रश घासला की ते झिजतं.

घटकांच्या यादीत मला सर्वांत बोलकी वाटते ती ईडीटीए आणि हेक्झामेटाफॉस्फेटची जोडी. पाण्यात, फ्लेवरमध्ये, टाक्यांच्या नळ्यांमधून लोह आणि तांब्याचे अंश येतातच. ते अगदी सूक्ष्म असले तरी व्हिटॅमिन सी आणि फ्लेवरचं ऑक्सिडेशन झपाट्याने करवतात. ही दोन रसायनं त्या धातूंना पकडून ठेवतात. आणखी एका कारणासाठी ती महत्त्वाची आहेत. सोडियम बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकाच बाटलीत असतील, तर धातूंचे अंश, उष्णता आणि उजेड यांच्या मदतीने त्यातून अत्यल्प प्रमाणात बेंझिन तयार होऊ शकतं, आणि बेंझिन हा कर्करोगकारक पदार्थ आहे. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २००५-०६ च्या सुमारास शीतपेयांची तपासणी केली तेव्हा काही पेयांत ते पिण्याच्या पाण्याच्या तिथल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे अब्जात ५ भागांपेक्षा, जास्त सापडलं. त्यानंतर निर्मात्यांनी कृती बदलल्या. आज कित्येक फिटनेस वॉटरमध्ये बेंझोएटऐवजी सॉर्बेट दिसतं, त्याला हेही एक कारण. यादीत २११ आणि ३०० शेजारी दिसले तर घाबरून जाऊ नये, पण ती बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि तशी तापलेली विकतही घेऊ नये.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर लिंबाच्या चवीचं सांगायला हवं, कारण इथे जे बिघडतं ते कुणालाही नाकाने ओळखता येतं. लिंबाचा ‘लिंबूपणा’ मुख्यतः सिट्रल नावाच्या रेणूचा. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तोही याच्यामुळेच. गंमत अशी, की ज्या आम्लामुळे बाटली टिकते त्याच आम्लात सिट्रल मात्र टिकत नाही. ते हळूहळू मोडतं आणि त्यातून पॅरा-क्रेसॉलसारखे रेणू तयार होतात. फिनेलचा वास आठवा. त्याच कुळातला तो वास. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हवेशी संयोग पावून कार्व्होनकडे झुकतं आणि ताजी साल शहाजिऱ्याच्या वासावर जाते. म्हणून एखादी बाटली मुदतीत असूनही ‘औषधासारखी’ लागते. जंतूंनी ती बिघडलेली नसते. चव मोडलेली असते, आणि बहुतेक वेळा दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमध्येच. एफएसएसएआय उत्पादनाची तारीख आणि एक्स्पायरी दोन्ही छापायला लावतं. लिंबू-संत्र्याच्या चवीची बाटली घेताना एक्स्पायरीपेक्षा उत्पादनाची तारीख बघावी. दोन महिन्यांपूर्वीची आणि दहा महिन्यांपूर्वीची यांच्या वासात फरक पडतो.

‘फ्लेवर’ या शब्दाआड किती काय मावतं! आपल्या नियमांत तीन वर्ग आहेत. नॅचरल म्हणजे वनस्पती किंवा प्राणिज पदार्थांतून भौतिक प्रक्रियेने काढलेला. नेचर-आयडेंटिकल म्हणजे रेणू निसर्गातलाच, पण प्रयोगशाळेत घडवलेला. आर्टिफिशियल म्हणजे निसर्गात न सापडलेला रेणू. केळ्याचा वास देणारा आयसोअमाइल अ‍ॅसिटेट केळ्यातही असतो आणि कारखान्यातही बनतो. रेणू तोच, फक्त वर्ग वेगळा. ‘नॅचरल लेमन फ्लेवर’ हे शब्द मात्र लिंबाचा रस आहे असं मुळीच सांगत नाहीत. रस असेल तर तो घटकांच्या यादीत रस म्हणूनच, टक्क्यांसह दिसायला हवा. तुलनेसाठी, एफएसएसएआयच्या मानकात फळाचं रेडी-टू-सर्व्ह पेय म्हणवून घ्यायला निदान १० टक्के रस लागतो, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के. समोर लिंबाची फोड, मागे रसाचा उल्लेखच नाही, असं दिसलं की ती फोड सजावटीची. आणि नावातच नॅचरल, प्युअर, फ्रेश असे शब्द बसवले असतील आणि त्यांनी दिशाभूल होत असेल, तर २०१८ च्या जाहिरात आणि दावे विनियमांप्रमाणे ‘हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे’ अशा अर्थाचा खुलासा छापावा लागतो. तो शोधून वाचावा.

गोडीचं गणित त्या मानाने सरळ आहे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, एसेसल्फेम २०० पट. लिटरला ६० ग्रॅम साखरेची गोडी आणायची तर सुक्रालोज एक दशांश ग्रॅम पुरतं. दोन्ही एकत्र घालतात कारण एसेसल्फेमची गोडी चटकन येते पण मागे कडवट छटा सोडते, सुक्रालोजची उशिरा येते आणि रेंगाळते. एकमेकांची उणीव ती भरून काढतात. जागतिक तज्ज्ञ समितीने सुक्रालोजची रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे १५ मिलीग्रॅमपर्यंत ठेवली आहे; ६० किलोच्या माणसाला एखाद्या बाटलीने ती गाठणं शक्य नाही. पण मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, अशी शिफारस केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: बाटली धोकादायक नाही आणि ती बारीकही करत नाही. अ‍ॅस्पार्टेम (९५१) असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांसाठी इशारा छापलेला असतो. तो त्यांनी काटेकोर पाळायचा. ‘नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन’ ही ओळही अनेक बाटल्यांवर असते, आणि तरीही याच बाटल्या शाळेच्या दप्तरात दिसतात याचं वाईट वाटतं.

शब्दांमागे आकडे असतात, तेही लक्षात ठेवावेत. ‘शुगर फ्री’ म्हणजे शून्य साखर नव्हे; १०० मिलीला अर्ध्या ग्रॅमपर्यंत चालते. द्रवपदार्थाला ‘लो शुगर’ म्हणायला २.५ ग्रॅमपर्यंत. म्हणजे ‘लो शुगर’ची ६०० मिलीची बाटली १५ ग्रॅम साखर घेऊन येऊ शकते, तीन चमचे. इथे गुणाकार आपणच करायचा असतो, कारण तक्ता १०० मिलीचा असतो आणि पिणारा बाटली पितो. अमेरिकेत या गुणाकाराने मोठा घोळ घातला होता. तिथल्या ‘व्हिटॅमिनवॉटर’च्या २० औंसांच्या बाटलीवर पूर्वी अडीच सर्व्हिंग (एका वेळी प्यायचा वाटा) धरून आकडे छापले जात: एका सर्व्हिंगला १३ ग्रॅम साखर. पूर्ण बाटलीत सुमारे ३३ ग्रॅम. २००९ मध्ये एका ग्राहकहिताच्या संस्थेने कोका-कोलाला कोर्टात खेचलं, तेव्हा कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद असा होता की समंजस ग्राहक या पेयाला आरोग्यदायी समजणारच नाही. पुढे २०१६ मध्ये एफडीएने सर्व्हिंगचे नियम बदलले आणि २० औंसांची बाटली एकच सर्व्हिंग मानली जाऊ लागली. आपल्या लेबलवर ‘पर सर्व्ह’चा आकडा असतो, तोही किती मिलीचा हे बघितल्याशिवाय वाचू नये.

व्हिटॅमिनांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. बी३, बी५, बी६ नेहमीच्या जेवणातून बहुतेकांना मिळतात आणि जास्तीचं लघवीवाटे जातं. व्हिटॅमिन सी बाटलीत दर महिन्याला थोडं थोडं मोडत राहतं, म्हणून निर्माते सुरुवातीला थोडं जास्तच भरतात. एका पेरूत ते अशा बाटलीपेक्षा सहज जास्त असतं.

खरा मुद्दा मिठाचा. ‘इलेक्ट्रोलाइट’ हा शब्द समोर कितीही ठळक असला तरी त्याला अर्थ येतो तो मागच्या तक्त्यातल्या सोडियमच्या ओळीने. ती ओळ सक्तीची आहे, त्यामुळे सापडतेच. समजा तिथे १०० मिलीला ८ मिलीग्रॅम लिहिलंय. अर्ध्या लिटरच्या बाटलीत झाले ४० मिलीग्रॅम. एक ग्रॅम मिठात ३९३ मिलीग्रॅम सोडियम असतं, म्हणजे बाटलीभर ‘इलेक्ट्रोलाइट’ म्हणजे एक दशांश ग्रॅम मीठ. दोन बोटांच्या चिमटीत येतं त्याच्याही तिसऱ्या हिश्शाएवढं. आता दुसरी बाजू. घामाच्या एका लिटरमधून माणसागणिक साधारण ५०० ते १८०० मिलीग्रॅम सोडियम जातं, आणि मे महिन्यातल्या मुंबईच्या दमट हवेत जोराच्या व्यायामात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्या ४० मिलीग्रॅमने काय भरून निघणार? प्रोपेलच्या २० औंसांच्या, म्हणजे सुमारे ५९० मिलीच्या बाटलीत सोडियम २७० मिलीग्रॅमच्या आसपास असतं. तिथे निदान शब्दाला थोडा आधार आहे. पण त्याच कारणाने रक्तदाब असलेल्याने ती दिवसाला तीन-चार पिऊ नये: दिवसाची सोडियमची मर्यादा २००० मिलीग्रॅम, आणि त्यातला बराचसा वाटा आपल्या लोणच्या-पापडांनी आधीच घेतलेला असतो.

तासाभराच्या आतल्या साध्या व्यायामाला साधं पाणी आणि नंतरचं जेवण पुरतं. त्याहून लांब, घामाच्या कामाला घरचं सरबत मोजून केलं तर विकतच्या कुठल्याही बाटलीच्या तोडीचं होतं. एक लिटर पाणी, दीड ग्रॅम मीठ, दोन लिंबं, २५ ग्रॅम साखर. यात सोडियम सुमारे ५९० मिलीग्रॅम येतं आणि साखर १०० मिलीला अडीच ग्रॅम. चूक होते ती चमच्याने. दीड ग्रॅम म्हणजे ५ मिलीच्या चहाच्या चमच्याचा सपाट पाव; पोह्यांच्या चमच्याने मोजलं की मीठ दुप्पट पडतं. जाडं मीठ चमच्यात पोकळ बसतं, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात वजनाने कमी येतं. पादेलोण घातलं तरी हिशेब चुकवू नये. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कोकमाचं सरबत केलंत तर रंगाचाही बोनस मिळतो: कोकमातलं अँथोसायनिन आंबट पाण्यातच लाल राहतं. बाटल्यांमध्ये काळ्या गाजराचा रंग वापरतात तोही याच जातीचा, आणि तोही आम्लाच्याच जिवावर टिकतो.

लेबल कसं असावं हा प्रश्न जीवनमरणाचा कुठे होतो, तर जुलाबाच्या वेळी. शरीरातून पाणी आणि मीठ भराभर जात असताना लागतं ते ओआरएस, म्हणजे क्षार आणि ग्लुकोजचं ठरावीक प्रमाणातलं द्रावण, आणि ते फिटनेस वॉटर नाही, स्पोर्ट्स ड्रिंक नाही, सरबतही नाही. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं एक दार आहे. दोन्ही योग्य प्रमाणात असतील तर ते उघडतं आणि त्यांच्यामागे पाणी आत येतं. बिनसाखरेच्या पेयात जोडीदार नसतो. फार गोड पेयात उलटं होतं: १०० मिलीला १० ग्रॅम साखर असेल तर द्रावण इतकं घट्ट होतं की ते आतड्यातच पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हे साधं द्रावण पिंपांतून वाटलं, आणि कॉलऱ्याच्या रुग्णांतलं मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

त्याच तीन अक्षरांचं पुढे काय झालं बघा. फळांच्या चवीची, कितीतरी जास्त साखरेची पेयं नावात ‘ओआरएस’ अक्षरं घेऊन मेडिकलमध्ये विकली जाऊ लागली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. २०२२ मध्ये एफएसएसएआयने ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नव्हे’ अशा खुलाशासह ती अक्षरं वापरायला मुभा दिली होती. बारीक अक्षरांतला खुलासा आजारी मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली आई वाचेल ही अपेक्षाच अन्यायाची होती. त्यात लेबलची भाषा इंग्रजी किंवा हिंदी असली की कायद्याचं समाधान होतं. मराठी छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ती मुभा काढून घेतली गेली.

खऱ्या ओआरएसच्या पाकिटावर चार नावं आणि चार आकडे असतात, एका लिटरसाठी: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. मेडिकलमध्ये नाव न सांगता हे आकडे बघून पाकीट घ्यावं. मग घरी एकच काळजी: लिटरचं पाकीट पूर्ण लिटर पाण्यातच, एका वेळी सगळं. एका पेल्यात ते संपूर्ण ओतलं तर मीठ पाचपट होतं, आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. थोडी भुकटी आज, थोडी उद्या असं केलं तर घटक सारखे मिसळलेले नसल्याने प्रमाण चुकतं. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून किती पाणी लागेल ते पाकिटावर आधी वाचायचं. उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ झाकणाचं भांडं, आणि घोट घोट, चमच्या चमच्याने. चोवीस तासांनी जे उरेल ते फेकून नवं करायचं.